ॲशचा रेषांचा प्रयोग स्वतः करायचा तर

समोर स्पष्ट दिसत असतानाही माणूस चारचौघांची री ओढून चुकीचं उत्तर का देतो, हे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सोलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात कार्डांवरच्या रेषांनी तपासलं. सामान किरकोळ आहे, प्रयोग फसतो तो तयारीत.

कार्डांच्या १८ जोड्या करा. एका कार्डावर एक रेषा, दुसऱ्यावर अ, ब, क अशा तीन. त्यांतली एकच पहिलीएवढी. ती कोणती, हे प्रत्येकाने आपली पाळी आली की मोठ्याने सांगायचं. ती २० सेंटिमीटर असेल तर उरलेल्या दोन १६ आणि १७ च्या ठेवा. फरक फार कमी ठेवला तर लोक दबावाने नव्हे, खरोखरच गोंधळून इतरांचं ऐकतात. तो वेगळा प्रश्न झाला (मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांनी १९३५ मध्ये अंधारातल्या प्रकाशबिंदूवर तो तपासला होता). म्हणून आधी दहा-पंधरा त्रयस्थांना एकेकटं बसवून उत्तरं लिहून घ्या. ॲश यांच्याकडे अशा वेळी चुका १ टक्क्याहून कमी होत्या. तुमच्याकडे बऱ्याच निघाल्या तर रेषा बदला.

आता सहा साथीदार पढवा. तीनही चालतात, त्यापुढे संख्या वाढवून ॲश यांना फारसा फरक दिसला नाही. १२ फेऱ्यांत सगळ्यांनी एकच चुकीचं उत्तर द्यायचं, ६ फेऱ्यांत बरोबर. पहिल्या दोन फेऱ्या बरोबरच हव्यात, नाहीतर लगेच संशय येतो. तालीम दोनदा तरी घ्या: कार्डाकडे नीट बघून, सावकाश, आपापल्या सुरात बोलायचं. एक जण हसला की ती बैठक बाद. खरा सहभागी, म्हणजे ज्याला यातलं काहीच माहीत नाही तो, येण्याआधी सगळे बसलेले असावेत आणि बोलण्याच्या क्रमातली शेवटून दुसरी खुर्ची तेवढी रिकामी असावी. मानसशास्त्राचा विद्यार्थी सहभागी म्हणून घेऊ नका. हा प्रयोग त्याच्या पाठ्यपुस्तकात असतो.

प्रत्येक सहभागी १२ पैकी किती वेळा गटामागे गेला ते मोजा. ॲश यांच्याकडे अशी उत्तरं साधारण एक तृतीयांश होती. तीन चतुर्थांश लोक निदान एकदा झुकले, बाकीचे एकदाही नाही. ‘सगळेच झुकतात’ असं सांगणारे बहुधा उरलेली दोन तृतीयांश उत्तरं विसरतात.

वेळ असेल तर नव्या सहभागींवर एकच बदल करून बघा: एका साथीदाराला कायम खरं उत्तर द्यायला लावा. झुकण्याचं प्रमाण एकदम खाली येतं. इतरांची उत्तरं ऐकवून सहभागीला मात्र स्वतःचं उत्तर गुपचूप लिहायला सांगितलं, तरी ते घटतं.

खरा हेतू आधी सांगता येत नाही, म्हणून संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी अगोदर घ्या. शेवटची फेरी संपली की सहभागीला बाजूला नेऊन पहिल्यांदा विचारा, ‘इतरांची उत्तरं ऐकताना काय वाटलं?’ स्वतःच्या नजरेवर शंका आली, की वेगळं पडायचं नव्हतं, हे इथेच कळतं. गुपित आधी फोडलं तर सारवासारव ऐकायला मिळते. त्यानंतर सगळं उघड करा, त्याची उत्तरं वापरायला पुन्हा संमती घ्या, आणि नोंदीत नावाऐवजी क्रमांक लिहा.