सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत लिहिताना

सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर होणाऱ्या कुरबुरींचे मूळ पुष्कळदा मतभेदात नसून वाक्याच्या ठेवणीत असते, असे माझे मत आहे. समोरासमोर बोलताना आवाजाचा चढउतार आणि चेहऱ्यावरचे भाव जे सांभाळून घेतात, ते लिहिताना केवळ शब्दांना सांभाळावे लागते. तरीही आपण बोलण्यातले तुटक वाक्य जसेच्या तसे टाइप करतो आणि समोरचा का दुखावला याचे आश्चर्य करत बसतो.

म्हणून आधी संदेश नेमका कोणासाठी आहे, ते ठरवावे. ‘काही सभासदांना कितीदा सांगितले तरी समजत नाही’ असे लिहिले, की ज्याला उद्देशून लिहिले तो निवांत राहतो आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा चार जणांना तो टोमणा आपल्यालाच मारला आहे असे वाटते. समजा, कोणी वाटेत गाडी लावली आहे. ती कोणाची आहे हे ठाऊक असेल, तर त्या व्यक्तीला वेगळा संदेश करावा किंवा सरळ फोन करावा. ठाऊक नसेल, तर ग्रुपवर असे लिहिता येईल: ‘नमस्कार. बी विंगच्या जिन्यासमोर पांढरी गाडी उभी असल्यामुळे रुग्णवाहिका आली तर तिला वळायला जागा उरणार नाही. ज्यांची असेल त्यांनी संध्याकाळपर्यंत तेवढी हलवाल का?’ यात रोख गाडीवर आहे, माणसावर नाही. शिवाय कारण आणि मुदत दोन्ही स्पष्ट आहेत.

क्रियापदाच्या रूपाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘पावती पाठवा’, ‘पावती पाठवावी’ आणि ‘पावती पाठवाल का’ या तिन्हींत मागणी एकच असली, तरी पहिल्यात हुकूम ऐकू येतो, दुसरे सेक्रेटरीने काढलेल्या सूचनेत शोभते आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला लिहिले तर कार्यालयीन परिपत्रकासारखे वाटते, तर तिसऱ्यात समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. ‘ना’, ‘हं’, ‘बरं का’, ‘जरा’, ‘तेवढं’ हे छोटे शब्द आपण बोलताना सढळपणे वापरतो आणि लिहिताना मात्र अशुद्ध समजून गाळतो. ग्रुपवर ते जरूर लिहावेत, कारण वाक्याची धार कमी करण्याचे काम ते कोणत्याही हसऱ्या चेहऱ्यापेक्षा चांगले करतात. कडक वाक्यापुढे हसरा चेहरा जोडल्याने वाक्य सौम्य होत नाही, उलट खोचक होते.

इमोजी वापरूच नयेत असे नाही, परंतु वाचणाऱ्याचे वय लक्षात घ्यावे. जोडलेल्या हातांनी नमस्कार, आभार, विनंती, श्रद्धांजली आणि कधीकधी ‘आता पुरे’ एवढे सगळे सुचवले जाते, त्यामुळे त्यासोबत एखादा शब्द असलेला बरा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा लहान पडद्यावर रडका दिसतो आणि चष्मा शोधण्याचा कंटाळा केलेले एखादे काका तो निधनवार्तेखाली टाकतात. अशा वेळी ग्रुपवर बोभाटा न करता त्यांना बाजूला कळवावे. ‘ठीक.’ असा पूर्णविरामासह आलेला एकशब्दी संदेश तरुणांना रागाचा वाटतो, पण ज्येष्ठांच्या दृष्टीने ते केवळ शुद्धलेखन असते.

निधनवार्तेखाली एकाखाली एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येत जाते. आपणही तेथे लिहावे, मात्र घरच्यांना स्वतंत्रपणे दोन वाक्ये पाठवावीत आणि त्यांत गेलेल्या व्यक्तीविषयी एक तरी प्रत्यक्ष आठवण असावी: ‘गणपतीच्या आरतीला झांजा काकूच धरायच्या’ एवढेही चालते. ‘काही मदत लागली तर सांगा’ यापेक्षा ‘उद्या सकाळचा डबा मी आणतो’ असे लिहिणे अधिक उपयोगी, कारण त्या दिवशी घरात कोणालाही काही मागण्याचे सुचत नाही.

लिपी शक्यतो देवनागरीच ठेवावी. रोमन लिपीत ‘काल’ आणि ‘काळ’, ‘पण’ आणि ‘पान’ सारखेच दिसतात आणि ज्येष्ठांना ते अक्षरे लावत वाचावे लागते. जीबोर्ड या गूगलच्या मोबाइल कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली, की रोमन अक्षरे टाइप करूनही देवनागरी उमटते; बोलूनही लिहिता येते, फक्त आडनावे आणि विरामचिन्हे पाठवण्यापूर्वी तपासावीत.

चूक राहिलीच, तर संदेश पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत तो दुरुस्त करता येतो. ही सोय व्हॉट्सॲपने 2023 मध्ये दिली. डिलीट केल्यास संदेश काढल्याची खूण मागे उरते आणि त्यात काय होते याविषयी तर्क सुरू होतात, म्हणून किरकोळ चुकीसाठी दुरुस्तीच निवडावी. मजकूरच अपमानास्पद असेल, तर मात्र तो काढून टाकावा आणि त्याखाली लगेच, स्पष्टीकरणाचे शेपूट न लावता, क्षमा मागावी.