लंजिंग करताना घोडा ऐकत नसेल तर आधी स्वतःची जागा तपासा

लंजिंग म्हणजे घोड्याला लांब दोरीवर आपल्याभोवती गोल फिरवणं. असं फिरवताना घोडा मध्येच वळून समोर उभा राहतो, रिंगण मोडून आत घुसतो, नाहीतर दोरी ताणत बाहेर पळतो. अशा वेळी दोष पटकन त्याच्या स्वभावाला दिला जातो. पण यातल्या बऱ्याचशा अडचणींचं मूळ माणूस कुठे उभा आहे यात असतं.

तुम्ही, घोड्याचं डोकं आणि त्याचा पुठ्ठा (मागचा भाग) हे त्रिकोणाचे तीन कोपरे धरा. दोरी डोक्याकडे जाते, चाबूक पुठ्ठ्यामागे राहतो आणि तुमचं पोट तंगाच्या (खोगीर बांधण्याच्या पोटावरच्या पट्ट्याच्या) किंचित मागे रोखलेलं असतं. घोडा डावीकडे फिरत असेल तर दोरी डाव्या हातात, चाबूक उजव्या हातात. रिंगणाचा व्यास 15 ते 20 मीटर हवा. दोरी 8 मीटरची असली तर एका जागी उभं राहून 16 मीटरचंच रिंगण होतं, त्याहून मोठं हवं असेल तर तुम्हालाही छोट्या वर्तुळात चालावं लागतं. हातमोजे घालाच. उरलेली दोरी घड्या करून तळहातावर धरा, हाताभोवती कधीही गुंडाळू नका. घोडा उधळला तर ते वेढे आवळतात, बोटं मोडतात आणि माणूस फरफटत जातो.

घोडा वळून तोंड समोर करतो तेव्हा तुम्ही बहुधा त्याच्या खांद्याच्या पुढे गेलेले असता. त्याच्या लेखी तुम्ही वाट अडवलेली असते. भरीला दोरी ताणलेली असली तर नाक आत ओढलं जातं आणि तो वळतोच. दोरी थोडी सैल करा, एक-दोन पावलं पुठ्ठ्याच्या दिशेने सरका, चाबूक त्याच्या मागच्या पायाच्या हॉकच्या (मधल्या सांध्याच्या) उंचीला आणा आणि चालण्याचा नेहमीचा शब्द द्या. मात्र मागच्या लाथेच्या टप्प्यात जाऊ नका.

आत घुसणाऱ्या घोड्यापुढे बहुतेक जण नकळत मागे सरतात. हीच चूक. आपण ढकललं की माणूस हटतो, हे घोडा दोन फेऱ्यांत शिकतो. तिथेच ठाम उभे राहा, चाबकाचं टोक खांद्याकडे दाखवा आणि गरज पडली तर खांद्याच्या रोखाने एक पाऊल पुढे टाका. सैल पडलेली दोरी लगेच घडी करून हातात घ्या, ती पायात अडकली तर घोडा बिथरतो.

बाहेर ओढणारा घोडा बहुधा ठरावीक ठिकाणीच ओढतो, फाटकापाशी किंवा तबेल्याच्या बाजूला. तिथे पोचण्याच्या चार-पाच पावलं आधीच मूठ आवळा आणि सोडा, पुन्हा आवळा आणि सोडा. सलग ओढून धरलं तर त्याला रेलायला आधार मिळतो, आणि ताकदीच्या खेळात माणूस हरणारच. मैदानाच्या कोपऱ्यात काम केलं तर दोन बाजूंचं कुंपण मदतीला येतं. दोरी लगामाच्या आतल्या कडीला अडकवू नका. ताण आला की लगाम तोंडातून एका बाजूला खेचला जातो. कॅव्हेसनच्या (लंजिंगसाठी डोक्यावर चढवायच्या खास पट्ट्याच्या) नाकावरच्या कडीला दोरी लावणं सर्वांत चांगलं.

वेग आवरत नसेल तर चाबूक खाली करून मागे न्या आणि आवाज खालच्या पट्टीत, लांबवून द्या. काही पावलांपुरतं रिंगण लहान करा, वेग उतरताच पुन्हा मोठं करा. लहान रिंगणात फार वेळ फिरवल्यास सांध्यांवर ताण येतो. दिवसभर बांधून ठेवलेल्या घोड्याला शक्य असल्यास आधी मोकळं सोडा. दुगाण्या झाडून झाल्या की तो शांतपणे ऐकतो. कुंपण पक्कं असेल आणि घोडा खरंच उधळला, तर फरफटत जाण्यापेक्षा दोरी सोडलेली बरी.

एकाच बाजूला फिरायला नकार देणं ही वेगळी बाब आहे. घोड्याला बहुतेक सगळं काम डावीकडून करण्याची पद्धत असल्याने उजवी बाजू त्याला अनोळखी वाटते. त्याच्या उजव्या खांद्याशी सोबत चाला आणि दर फेरीला दोरी अर्धा-एक मीटर वाढवत जा. पण काल दोन्हीकडे नीट फिरणारा घोडा आज अडत असेल तर दुखण्याचा संशय घ्या. दुडकीत लक्ष द्या: पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगल्या पायावर ते खाली येतं. असं दिसलं की काम थांबवा आणि पशुवैद्याला दाखवा.

पहिली पाच मिनिटं साध्या चालीत फिरवा, दर तीन-चार मिनिटांनी दिशा बदला आणि सगळं मिळून 20 मिनिटांत आटपा. कच्च्या वयाच्या घोड्याला याच्या निम्मा वेळही पुष्कळ होतो. साइड रेन (लगामापासून तंगापर्यंत दोन्ही बाजूंना जाणारे पट्टे) लावायचे असतील तर अंग गरम झाल्यावरच लावा, तेही सुरुवातीला सैल. घोडा डोकं झटकू लागला किंवा मागे रेटू लागला तर ते ताबडतोब काढा.