शेवटच्या सेटचा स्कोअर वाचताना या चुका टाळा

ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एखादी) सुरू झाली की पुण्यातल्या आमच्या टेनिस ग्रुपवर शेवटच्या सेटवरून भांडण ठरलेलं, आणि गंमत अशी की बहुतेक वेळा दोघंही बरोबर बोलत असतात, फक्त एक जण एका स्पर्धेचा नियम सांगतोय आणि दुसरा दुसऱ्या.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जुना नियम धरून बसणं. "पाचव्या सेटला टायब्रेक नसतो रे" म्हणणारे काका अजून भेटतात (टायब्रेक म्हणजे गेम बरोबरीत अडकले की पॉइंट मोजून सेट संपवणं). त्यांचंही खोटं नाही, २०१० च्या विम्बल्डनला इस्नर-माहू मॅच ७०-६८ अशी तीन दिवस चालली होतीच की! पण मग २०१९ मध्ये तर चार स्लॅमचे चार नियम झाले. यूएस ओपनला ६-६ ला साधा सात पॉइंटचा टायब्रेक (तो तिथे १९७० पासूनच), ऑस्ट्रेलियन ओपनला ६-६ ला दहाचा, विम्बल्डनला १२-१२ झाल्यावर सातचा आणि फ्रेंच ओपनला काहीच नाही, दोन गेमचा फरक पडेपर्यंत खेळत बसा. म्हणून २०१९ च्या जोकोविच-फेडरर फायनलचा १३-१२(३) ही टायपो नाहीये, कृपया दुरुस्त करू नका. २०२२ च्या फ्रेंच ओपनपासून चारही ठिकाणी एकच, ६-६ ला दहा पॉइंटचा टायब्रेक, फरक दोनचा.

यात भले भले फसतात. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला डॅनियल कॉलिन्सने मुचोव्हाविरुद्ध सात पॉइंट झाल्यावरच जिंकल्याचं सेलिब्रेशन सुरू केलं होतं, मग कळलं अजून तीन हवेत. तेव्हा सात झाले तरी मॅच संपत नाही म्हणून ॲप रिफ्रेश मारत बसू नका.

आता उलटी चूक, स्लॅमचा नियम सगळीकडे लावणं. केविन अँडरसनचंच बघा. २०१८ च्या विम्बल्डन सेमीला त्याने इस्नरला पाचव्या सेटमध्ये २६-२४ हरवलं आणि सहा महिन्यांनी आपल्या पुण्यातल्या बालेवाडीत कार्लोविचविरुद्धची फायनल ७-६(४), ६-७(२), ७-६(५) अशी घेतली, म्हणजे तिसरा सेटही साध्या टायब्रेकवर, कारण ती एटीपी २५०, म्हणजे पुरुषांच्या टूरवरची छोटी स्पर्धा, आणि टूरवर (स्लॅम सोडून वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांत) सिंगल्सला सातचाच टायब्रेक. कंसातला आकडा हरणाऱ्याचे पॉइंट असतात, त्यामुळे हा (५) म्हणजे ७-५. पण २०२५ च्या फ्रेंच फायनलचा शेवटचा सेट अल्काराझने ७-६(२) घेतला असं दिसलं तर ते १०-२ आहे, ७-२ नाही! कंस तोच, अर्थ वेगळा, त्यामुळे आधी स्पर्धा बघा.

डबल्स हा वेगळाच घोळ. बालेवाडीतच २०२२ ला बोपण्णा-रामकुमार ६-७, ६-३, १०-६ असे जिंकले, तो १०-६ बघून "एवढे गेम कसे झाले" असं विचारणारे होतेच. टूरवर डबल्सला तिसरा सेटच नसतो, त्याजागी थेट दहाचा टायब्रेक. स्लॅमच्या मेन्स आणि विमेन्स डबल्समध्ये मात्र शेवटचा सेट पूर्ण खेळतात आणि ६-६ ला दहाचा टायब्रेक येतो, त्यामुळे तिथे नुसतं १०-६ न दिसता आधी ७-६ आणि मग कंस दिसेल.