ऑटिझमच्या उपचारांनी फरक पडतोय का? ब्रेन मॅपिंग करताना आणि वाचताना घ्यायची काळजी

ब्रेन मॅपिंग म्हणजे मुळात ईईजीच. डोक्यावर १९ जागी इलेक्ट्रोड आणि दोन्ही कानांवर संदर्भासाठी एकेक लावून मेंदूच्या लहरी टिपतात. संगणक त्या लहरींची डेल्टा (४ हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ४ लहरींपर्यंत), थीटा (४ ते ८), अल्फा (८ ते १३) आणि बीटा (१३ ते ३०) अशी फोड करतो आणि कुठली लहर कुठे किती जोरात आहे ते रंगांत दाखवतो. या लहरी जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्टच्या असतात. मुलाने दात आवळले तर स्नायूंचा सिग्नल त्यांच्यावर सहज मात करतो, आणि नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक आपोआप कळत नाही. मॅपिंगमधल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. मॅपवरून ऑटिझमचं निदान होत नाही. निदान होतं ते मुलाचं वागणं, बोलणं आणि खेळणं तपासून. काही अभ्यासांत ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये डेल्टा-थीटा जास्त आणि अल्फा कमी आढळला आहे, पण प्रत्येक मुलात हे चित्र दिसत नाही. म्हणून आपल्या मुलाचा मॅप दुसऱ्या मुलाच्या मॅपशी ताडून पाहू नका. खरा उपयोग त्याच मुलाचे उपचाराआधीचे आणि नंतरचे मॅप शेजारी ठेवण्यात आहे, आणि तोही दोन्ही वेळची परिस्थिती सारखी असेल तरच.

सुरुवातीला एक नव्हे, दोन मॅप

नवी थेरपी किंवा नवं औषध सुरू करण्याआधी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रेकॉर्डिंग करा. मधल्या काळात काहीही बदललेलं नसतं, त्यामुळे या दोन मॅपमध्ये जो फरक दिसेल तो त्या मुलाचा नेहमीचा चढउतार समजायचा. पुढे उपचारानंतर दिसलेला बदल याहून ठळक असेल तरच त्याकडे लक्ष द्यायचं. खर्च वाढतो म्हणून ही पायरी बहुधा गाळली जाते, आणि मग सहा महिन्यांनी बदललेला प्रत्येक रंग उपचाराच्या नावावर जमा होतो.

त्याच आठवड्यात वर्तनाची मोजपट्टीही भरून घ्या. आपल्याकडे अपंगत्व प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी 'इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम' ही पट्टी, म्हणजे आयएसएए, चांगली चालते. तिच्यात ४० बाबी आहेत आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण गुण ७० पेक्षा कमी असतील तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. दोन्ही वेळा पट्टी भरणारी व्यक्ती एकच असावी, आणि जमल्यास ती थेरपी देणारी नसावी.

घरची तयारी

सर्वात मोठा अडथळा तेलाचा. आपल्याकडे मुलांच्या डोक्याला रोज खोबरेल चोपडलं जातं आणि तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा संपर्कच होत नाही. आदल्या रात्री साध्या शाम्पूने दोनदा केस धुवा, कंडिशनर नको, सकाळी तेल नको. पावसाळ्यात कोल्हापुरात केस वाळायला वेळ लागतो, तेव्हा सकाळी धुणं टाळा.

झोप दुसऱ्या क्रमांकावर. पेंगुळलेल्या मुलात थीटा वाढतो आणि अल्फा विरतो, म्हणजे मॅप उपचाराआधीच बिघडलेला दिसतो. चंदगड, आजरा, गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने आलेलं मूल वाटेत झोपतं आणि खुर्चीत बसल्यावरही डोळे मिटत राहतं. शक्य असेल तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्कामाला या, नाहीतर उशिराची वेळ मागून घ्या. गणपती आणि नवरात्रात रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालतात, मुलांची झोप मोडते. त्या दिवसांत मॅपिंग ठेवूच नका. दुसरं रेकॉर्डिंग पहिल्याच वेळेला, म्हणजे पहिलं सकाळी ११ ला झालं असेल तर दुसरंही ११ च्या सुमारास करा.

इलेक्ट्रोड बसवलेली टोपी डोक्यावर घट्ट बसते, तिची सवय दोन आठवडे आधीपासून लावा. पोहायची घट्ट टोपी आणा. पहिल्या दिवशी ती फक्त हातात द्या, मग काही सेकंद डोक्यावर, आणि हळूहळू दहा मिनिटांपर्यंत न्या. ज्यांना इलेक्ट्रोडखालच्या जेलचा ओलसर, थंड स्पर्श सहन होत नाही अशा मुलांच्या टाळूला रोज कोरफडीच्या जेलचं एक बोट लावा. बक्षीस म्हणून चिक्की किंवा बिस्किट नको, कारण चावणाऱ्या जबड्याने रेकॉर्डिंग वाया जातं.

औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः फिट्सची. फक्त नाव, डोस आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहून न्या. फिट्सवरच्या क्लोबाझामसारख्या औषधाने बीटा वाढतो. ते दोन मॅपच्या मध्ये सुरू झालं असेल तर वाढलेला बीटा औषधाचा, थेरपीचा नव्हे. आणि मूल बसत नाही म्हणून झोपेचं सिरप देऊन काढलेला मॅप जागेपणीच्या मॅपशी कधीच ताडता येत नाही. झोपेतला ईईजी फिट्स शोधायला उत्तम, उपचार मोजायला निरुपयोगी.

रेकॉर्डिंगच्या खोलीत

डोक्याचा घेर टेपने मोजूनच टोपी निवडावी. सैल टोपी सरकते, आणि एक-दीड सेंटिमीटर सरकलेली टोपी म्हणजे वेगळ्याच जागेचं मोजमाप. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजून बरोबर मध्यावर शिरोबिंदूचा इलेक्ट्रोड आला आहे का, ते पाहावं. पहिल्या वेळी टोपीचा आकार आणि ही मापं लिहून ठेवा, दुसऱ्या वेळी तीच वापरायची आहेत.

इम्पिडन्स, म्हणजे टाळू आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, प्रत्येक जागी ५ किलोओहमच्या आत आणावा. मूल अस्वस्थ असेल तर १० पर्यंत चालवून घेता येतं, पण सगळ्या जागी आकडे साधारण सारखे हवेत. न उतरल्यास आणखी जेल ओतू नका, आधी केस बाजूला सारून टाळू हलकी घासा. जेल जास्त झालं तर शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले जातात आणि दोन्हींवर हुबेहूब एकच रेघ येते. नॉच फिल्टर (घरातल्या विजेची ढवळाढवळ गाळणारा) ५० हर्ट्झचा, मोबाइल खोलीबाहेर, पंखा आणि ट्यूबलाइट शक्यतो बंद.

मोठ्या मुलाकडून ५ मिनिटं डोळे मिटून आणि ५ मिनिटं उघडे ठेवून रेकॉर्डिंग घ्यावं. लहान किंवा न ऐकणाऱ्या मुलाला साबणाच्या फुग्यांसारखा शांत, आवाजाविना व्हिडिओ लावावा, आणि दुसऱ्या वेळी तोच व्हिडिओ. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागातला अल्फा उसळतो आणि उघडले की दबतो, म्हणून मिटल्या डोळ्यांचा एक मॅप आणि उघड्या डोळ्यांचा दुसरा अशी जोडी कधीही लावू नये. अशा रेकॉर्डिंगमधून निदान एक मिनिट, शक्यतो दोन मिनिटं स्वच्छ भाग मिळायला हवा. तेवढा मिळाला नाही तर मॅप काढू नका, दुसऱ्या दिवशी बोलवा.

मॅप हातात आल्यावर

रंगीत पानाआधी मूळ रेघा दाखवायला सांगा. कपाळावर, म्हणजे एफपी १ आणि एफपी २ पाशी लाल डेल्टा दिसत असेल तर तो बहुधा पापण्यांचा आहे. कानशिलांवर, टी ३ आणि टी ४ पाशी बीटा पेटलेला असेल तर जबडा आवळलेला होता. एकाच इलेक्ट्रोडभोवती गोल ठिपका असेल तर तिथला संपर्क सुटला होता. घाम आला की रेघा संथ हेलकावे खातात आणि डेल्टा फुगतो. एप्रिल-मेमध्ये हे फार दिसतं.

मग रंगपट्टी तपासा. बरीच सॉफ्टवेअर प्रत्येक मॅपची रंगपट्टी आपोआप ठरवतात, त्यामुळे पहिल्या मॅपमधला लाल आणि दुसऱ्यातला लाल यांचं मूल्य वेगळं असू शकतं. दोन्ही मॅप एकाच ठरावीक पट्टीवर छापून मागा. झेड स्कोअर (मुलाचा आकडा त्याच वयाच्या मुलांच्या सरासरीपासून किती दूर आहे ते) दिले असतील तर आणखी एक हिशेब लक्षात ठेवा: १९ जागा आणि लहरींचे ४ पट्टे धरले तर ७६ आकडे होतात. त्यांतले तीन-चार आकडे पूर्ण निरोगी मुलातही निव्वळ योगायोगाने उणे २ ते अधिक २ च्या बाहेर पडतात. एखाददुसऱ्या लाल डागाने घाबरू नका आणि तो गेला म्हणून हुरळूनही जाऊ नका.

वयाचा परिणाम सर्वात फसवा. अल्फाची मुख्य वारंवारिता तिसऱ्या वर्षी साधारण ८ हर्ट्झ असते आणि दहाव्या वर्षाच्या आसपास १० च्या जवळ जाते. वाढत्या वयात संथ लहरीही आपोआप कमी होतात. चार वर्षांच्या मुलाचा वर्षभराने काढलेला मॅप कोणताही उपचार न करता 'सुधारलेला' दिसू शकतो. त्यामुळे तुलना वयानुसार दुरुस्त केलेल्या आकड्यांची हवी आणि अंतर तीन ते सहा महिन्यांचं ठेवावं. त्या काळात शक्यतो एकच नवी गोष्ट सुरू करा.

आता निर्णय. वर्तनाच्या पट्टीचे गुण कमी झाले, मूल हाक मारल्यावर वळतं, बोट दाखवून मागतं, आणि मॅप मात्र तसाच आहे, तर उपचार चालू ठेवा. मॅप छान दिसतो आणि घरी-शाळेत काहीच बदललं नाही, तर त्या मॅपच्या भरवशावर पुढच्या सत्रांचे पैसे भरू नका. थेरपी विकणाऱ्यानेच मॅप काढून त्यानेच तो वाचला असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ऑटिझमसाठी स्टेम सेल थेरपीची शिफारस राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच नाकारली आहे. तिच्या जाहिरातीत आधी-नंतरचे रंगीत मॅप दाखवले म्हणून ती खरी ठरत नाही.

मूल एकाएकी टक लावून थिजतं, हातपाय झटकतात किंवा आलेले शब्द गेले, तर मॅपिंग बाजूला ठेवून मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे जा. तिथे झोपेसह पूर्ण ईईजी लागतो आणि तो नुसत्या रंगांवरून नव्हे, रेघांवरून वाचला जातो.

रेकॉर्डिंग संपल्यावर छापील पानाबरोबर मूळ फाइल ईडीएफ (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या) स्वरूपात पेन ड्राइव्हवर मागून घ्या. उद्या पुण्या-मुंबईला जावं लागलं किंवा केंद्र बदललं, तर तिथलं सॉफ्टवेअर वेगळं असेल आणि जुन्या रंगांचा काही उपयोग होणार नाही. मूळ फाइल असेल तर दोन्ही रेकॉर्डिंग एकाच पद्धतीने पुन्हा तपासता येतात.