माउस उड्या मारतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

कर्सर एकदम कोपऱ्यात पळतो, एका क्लिकला दोन क्लिक पडतात, पान खाली न्यायचं तर वर जातं. असं झालं की गावोगावच्या सेवा केंद्रांत पहिला सल्ला ठरलेला: ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून घ्या.’ सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. दिवस वाया जातो, फाइली उडतात आणि माउस होता तसाच राहतो. दोष बहुतेक वेळा टेबलावरच असतो.

आधी तोच माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथंही तेच झालं तर माउसमध्ये बिघाड आहे. तिथं नीट चालला तर आपला पोर्ट, टेबल नाहीतर सेटिंग तपासायचं.

आपल्याकडं काउंटरवर जाड काच आणि काचेखाली दरपत्रक, देवाचा फोटो, व्हिजिटिंग कार्डं असतात. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो टिपतो आणि त्यांतल्या फरकावरून कर्सर सरकवतो. काचेवर त्याला टिपण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून कर्सर भरकटतो. चकचकीत सनमायकाचंही तेच. साधा पुठ्ठा ठेवून बघा, फरक लगेच कळेल.

आता माउस काढून उलटा करा. लाल दिव्याच्या खाचेत केस किंवा कापसाचा तंतू अडकलेला असतो. परभणी, मानवत, सेलूकडं जिनिंगच्या हंगामात हे हमखास. एक तंतू भिंगासमोर आला की हात स्थिर असला तरी कर्सर थरथरतो. मऊ ब्रशनं हळूच काढा. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी आणि तेल असतं. थिनर तर नकोच, प्लॅस्टिक आणि भिंग दोन्ही खराब होतात.

वायरलेस माउस अडखळत असेल तर सेल बदला. तरीही तेच असेल तर डोंगल, म्हणजे माउसचा यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, कुठं लावलाय ते बघा. निळ्या यूएसबी ३.० पोर्टवर हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असला की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, आणि डोंगल त्याच लहरींवर बोलतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे दाखवून दिलंय. डोंगल काळ्या पोर्टला, शक्यतो पुढच्या बाजूला लावा.

एका क्लिकला दोन पडत असतील तर बटणाखालचा स्विच झिजलाय. फोल्डर एका क्लिकवर उघडायचं सेटिंग कुणी लावलं नाही ना, एवढं बघा आणि माउस बदलून टाका. इथं कंजूषी नको. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत रांग दाराबाहेर गेलेली असते, अशा वेळी यादीतलं शेजारचं गाव निवडलं जातं आणि त्रास शेतकऱ्याला होतो. माउस चांगला असला तरी एक सवय सोडा: आकड्याच्या चौकटीत कर्सर ठेवून चाक फिरवू नका. काही फॉर्ममध्ये तेवढ्यानं क्षेत्राचा आकडा बदलतो. आधी बाहेर कोऱ्या जागी क्लिक करा, मग पान सरकवा.

फॉर्म अर्धा भरलेला असताना माउस बंद पडला तर कॉम्प्युटर बंद करू नका. डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, विचारल्यावर एंटर मारा. मग उजवीकडच्या आकड्यांनी कर्सर हलतो, आणि ५ दाबला की क्लिक होतं.