चढाला गाडी ओढत नाही? इंजेक्टर खोलण्याआधी हवा बघा

केर्ली सोडून जोतिबाचा चढ लागला की माझी 2010 सालची डिझेल गाडी तिसऱ्या गिअरवर वर जायची. पावसाळ्याआधी एका रविवारी आईला घेऊन निघालो, तर दुसऱ्यावर आणावी लागली. मागं काळा धूर. गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) खोलायचं ठरत होतं. मी गाडी घरी आणली. दोष निघाला वीतभर रबरी नळीत.

तपासणीसाठी चढ, गिअर आणि गाडीतली माणसं दर वेळी तीच ठेवा, नाहीतर फरक खरंच पडला की नुसता वाटला, ते कळत नाही. आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. पाच-सात किलोमीटर फिरून आल्यावर चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर काढा. गळीत हंगामात आमच्याकडं रस्त्याला एवढी धूळ असते की तो लवकर भरतो. मग थंड इंजिनावर टर्बोपासून (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतची (ती हवा थंड करणारी जाळी) जाड होज दाबून, वाकवून बघा. जोडापाशी बाहेरून ओला तेलकट डाग असेल तर हवा तिथूनच सुटते.

माझ्या गाडीत टर्बोचं नियंत्रण व्हॅक्यूमवर, म्हणजे बारीक नळीतून हवा ओढून, चालतं. सगळ्यांत तशी रचना नसते. मुलाला स्टार्टर मारायला सांगितलं आणि अॅक्च्युएटरच्या (त्या व्हॅक्यूमनं टर्बो हलवणारा डबा) दांड्याकडं बघत राहिलो. इंजिन सुरू होताना दांडा खेचला जायला हवा, तो हललाच नाही. व्हॅक्यूमची रबरी नळी उष्णतेनं कडक होऊन वाकणापाशी चिरली होती. बदलली, दांडा हलला आणि जोतिबाचा चढ पुन्हा तिसऱ्यावर चढली.

स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) असेल तर चावी चालू, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला, दाब बघा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, म्हणून इथं सुमारे 95 किलोपास्कल दिसतात. समुद्रसपाटीचे 101 नाहीत म्हणून सेन्सर बदलू नका. चढावर पूर्ण रेस देऊनही आकडा तिथंच घुटमळला तर टर्बो हवा भरत नाही.

धूर नाही आणि दमही नाही, तर डिझेलकडं वळा. फिल्टरच्या तळाचं पाणी काढा, फिल्टर जुना असेल तर बदला.

चालू इंजिनावर इंजेक्टरची लोखंडी नळी मात्र सैल करू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांवर मिस्त्री तसं करायचे. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत) दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीत घुसते. इथवर सगळं ठीक निघालं तरच पंप-नोझलवाल्याकडं जा आणि आधी रिटर्न टेस्ट मागा. चारही इंजेक्टरांचं परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत धरतात. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरते, आधी तोच इंजेक्टर खोलायला सांगा.