केओएचच्या बाटलीतलं लोखंड

नेट निघाली, जेआरएफ फेलोशिप लागू झाली, ग्रीन हायड्रोजनवर पीएचडीला जागा मिळाली, आता काय वाचू, ताई? असे फोन मला दर वर्षी येतात. पाणी फोडायला लागणाऱ्या १.२३ व्होल्टचं गणित, सीव्ही आणि एलएसव्ही या व्होल्टेज बदलत प्रवाह मोजायच्या पद्धती, इरिडियम हा उत्प्रेरक धातू दुर्मीळ म्हणून निकेलकडे वळायचं, हे सगळं तुम्हाला येतंच. मी फक्त लोखंडाबद्दल सांगते, कारण त्यात माझे आठ महिने गेले आणि आजही ते आठवलं की पोटात खड्डा पडतो.

वीज लावून पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करतात, त्यातल्या ऑक्सिजनच्या बाजूवर माझं काम होतं. अवघड बाजू तीच, ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात. दुसऱ्या वर्षी माझा उत्प्रेरक, निकेल हायड्रॉक्साइड, रोज सुधारायला लागला. शंभर सीव्ही झाल्या की दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाहासाठी लागणारं ओव्हरपोटेन्शिअल (१.२३ च्या वरचं जादा व्होल्टेज) खाली यायचं, दुसऱ्या दिवशी आणखी खाली. मी त्याला ‘सक्रियण’ म्हटलं, पोस्टर केलं, आईला फोन करून जमलं म्हणून सांगितलं. पेपर पाठवला, तर परीक्षकाचा एकच प्रश्न आला: केओएच शुद्ध केलं होतं का?

केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ज्याच्या द्रावणात मी मोजमापं घेत होते ती अल्कली. तिच्या बाटलीच्या लेबलवर लोखंडाचं प्रमाण छापलेलं असतं. मी ते कधी वाचलंच नव्हतं. निकेल हायड्रॉक्साइड द्रावणातलं लोखंड ओढून घेतं आणि आपल्या थरांत बसवतं, आणि तेवढ्यावर ऑक्सिजन भराभर सुटायला लागतो. कॉरिगन या संशोधकांनी हे १९८७ मध्येच दाखवलं होतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या बोएचर यांच्या गटाने ते पक्कं केलं: लोखंड काढून टाकलं तर निकेल अगदीच मंद पडतं. ज्याला मी माझ्या संश्लेषणाची करामत समजत होते, ती बाटलीतून आली होती.

खूण डोळ्यांसमोर होती. लोखंड शिरत जातं तसं सीव्हीच्या आलेखातलं निकेलच्या ऑक्सिडेशनचं शिखर उजवीकडे, जास्त व्होल्टेजकडे सरकतं. माझ्या आलेखांत ते रोज थोडं थोडं सरकत होतं. सीनियर म्हणाला, रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) हलला असेल. मी मान डोलावली. ‘चालतंय’ म्हणणाऱ्या सीनियरवर विसंबू नका, रेफरन्स स्वतः तपासा.

उपाय साधा आहे, पण वेळ खातो. प्लॅस्टिकच्या सेंट्रिफ्यूज नळीत अतिशुद्ध निकेल नायट्रेट विरघळवा, केओएच घालून हिरवा साका पाडा, तो दोन-तीनदा धुवा. मग त्यावर तुमचं केओएच ओता, नीट हलवा, काही तास ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरची निवळी घ्या. लोखंड साक्यात राहतं. आणि कृपा करून ती निवळी काचेच्या सेलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या भांड्यात, ओतू नका! मी ओतली होती. अल्कली काच खाते, काचेतलं लोखंड द्रावणात उतरतं, आणि दोन दिवसांत शिखर पुन्हा उजवीकडे. पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉनचाच सेल घ्या.

हायड्रोजनच्या बाजूला काम करणाऱ्यांनी काउंटरला, म्हणजे परिपथ पूर्ण करणाऱ्या समोरच्या इलेक्ट्रोडला, प्लॅटिनम लावू नये. ते विरघळून तुमच्या इलेक्ट्रोडवर येऊन बसतं, आणि श्रेय तुमच्या पदार्थाला जातं. कार्बनची कांडी लावा. शंभर टक्के आयआर करेक्शन करून, म्हणजे द्रावणाच्या रोधात गेलेलं सगळं व्होल्टेज वजा करून, आकडे गोंडस करणं मला फसवणूकच वाटते.

गाईड निवडताना पेपर मोजू नका. कच्चा डेटा उघडून दाखव म्हणणारा गाईड मिळाला तर तिथेच राहा. माझ्या गाईडनी तो कधी मागितला नाही, आणि मीही पुढे केला नाही.

एवढं वाचून घाबरू नका. पेपर मी मागे घेतला, महिनाभर लॅबमध्ये जावंसं वाटेना. पण शुद्ध केओएचमधली ती मंद, कंटाळवाणी मोजमापंच पुढे माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण झाली, कारण त्यांच्याशी तुलना केल्यावरच लोखंड मुद्दाम किती घालायचं हे कळलं. निकेल-लोखंड आज अल्कलीतल्या उत्तम उत्प्रेरकांपैकी आहे. देशाच्या हरित हायड्रोजन मिशनने २०२३ मध्ये २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं होतं, म्हणजे कामाला तोटा नाही. फेलोशिप उशिरा येते, त्याची तजवीज आधीच करून ठेवा.

नवी बाटली उघडली की मी आधी लेबलवरचं लोखंड आणि लॉट नंबर वहीत उतरवते. तुमच्या बाटलीवर किती लिहिलंय, ते उद्या लॅबमध्ये गेल्या गेल्या बघा.